टॅरो शिकायचंय? पाठांतर नको, चित्रं बघा

टॅरो म्हणजे चित्रांचे पत्ते काढून त्यावरून प्रश्नाचं उत्तर शोधणं. ते शिकायला घेणारे बहुतेक जण आधी अर्थांची यादी पाठ करायला बसतात. पत्ते ७८, त्यात सरळ नि उलटा असे दोन्ही अर्थ धरले की १५६, मग थोड्याच दिवसांत कंटाळा येतो आणि कॅट कपाटात जाऊन पडतो.

पहिला कॅट रायडर-वेट-स्मिथचाच घ्या. १९०९ साली लंडनला निघालेला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. मार्सेय नावाच्या जुन्या फ्रेंच कॅटमध्ये कपची पंजी म्हणजे नुसते पाच कप काढलेले, त्यावरून नवखा काय अर्थ लावणार? पामेलाबाईंनी तिथे अख्खा प्रसंग काढलाय, काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून सांडलेल्या तीन कपांकडे बघतोय आणि पाठीमागे दोन कप उभे आहेत ते त्याला दिसतच नाहीयेत. झालं की, अर्थ समोरच आहे.

५६ पत्ते मायनर, ते आपल्या रमीच्या पत्त्यांचेच भाऊबंद. कप म्हणजे बदाम (भावना), तलवार म्हणजे इस्पिक (विचार, भांडणं), वाँड, म्हणजे काठी, हे किलवर (काम, जोश), पेंटॅकल, म्हणजे चांदणीचं नाणं, हे चौकट (पैसा, घर, तब्येत). फक्त राजा, राणी, गुलामाच्या जोडीला एक घोडेस्वार जास्तीचा. एक्का सुरुवात, पंजीला खटका, दश्शीला शेवट, एवढ्यावर निम्मं काम होतं.

उरलेले २२ मेजर. हे मुळात हुकुमाचे पत्ते हं! १५व्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा खेळ होता, फ्रान्समध्ये लोक अजूनही खेळतात. इजिप्तचं गुप्त ज्ञान वगैरे जे ऐकवतात ती थिअरी १७८१ ची, पॅरिसची, पुरावा शून्य.

१३ नंबरचा डेथ निघाला की समोरचा पांढराफटक पडतो. त्याला चित्र दाखवा, सांगाड्याच्या हातातल्या झेंड्यावर पांढरा गुलाब आहे आणि मागे दोन बुरुजांमधून सूर्य दिसतोय. नोकरी सुटणं, गाव सोडणं, असा काहीतरी एक टप्पा संपणं म्हणजे डेथ.

सुरुवातीला रोज एकच पत्ता काढा आणि वहीत आधी दिसतं ते लिहा, पुस्तक नंतर उघडा. आणि लोक "लग्न कधी होईल?" हेच विचारणार, पत्त्यांवर तारीख नसते, तेव्हा "स्थळं येतायत तरी मी कुठे अडतेय?" असा प्रश्न फिरवून घ्या नि मगच पत्ते पिसा.