अंक पन्नासपर्यंत पाठ, पण चार चमचे आणता येत नाहीत? या चुका टाळा

बालवाडीतल्या मुलाला पाहुण्यांसमोर उभं करून ‘एक ते पन्नास म्हणून दाखव’ म्हणायची आपल्याकडे भारी हौस. मूल घडाघडा म्हणतं, सगळे खूश. त्याच मुलाला ‘चार चमचे आण’ म्हटलं, की ते हाताला येतील तेवढे घेऊन येतं. मग आई-बाबा वैतागतात. पण अंक म्हणणं आणि वस्तू मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं बरंच उशिरा जमतं.

पाठांतराला समज मानणं

ही सगळ्यात मोठी चूक. मुलाला आधी ‘एक’ कळतं, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. मोजताना शेवटी जो अंक येतो तोच एकूण आकडा, हे साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास उमगतं. काहींना आणखी वेळ लागतो. तपासायचं असेल तर समोर दहा-बारा चिंचोके ठेवा आणि ‘मला तीन दे’ म्हणा. मूठ भरून दिली, तर पन्नासचा नाद सोडा आणि एक ते चारवरच खेळा. मूल नीट मोजतं, पण ‘मग किती झाले?’ विचारलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, असंही होतं. तेव्हा ओरडू नका. ‘हे तीन चिंचोके. एक, दोन, तीन’ असं आधी एकूण सांगून मग मोजून दाखवा. पोळ्या वाढताना, जिना चढताना हे सहज होतं, वेगळा तास लावावा लागत नाही.

पेन्सिलीची घाई

तीन वर्षांच्या हातात चौकटीची वही देऊन पानंच्या पानं गिरवून घेणाऱ्या बालवाड्यांचं मला नवल वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंच्या आधारावर. बिया, पानं, खडे आजही मिळतात. ३ उलटा लिहिला म्हणून लाल फुली मारू नका. सहा-सात वर्षांपर्यंत हे चालायचंच.

सत्तावीसचे ७२ केले म्हणून रागावणं

कानावर आधी सात पडतो, मग वीस. मूल ऐकलं त्याच क्रमाने लिहितं. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारंही ‘तीस’ नीट ऐकूनच चुकतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना खिल्लीही सोसावी लागली. मला ती सोय योग्यच वाटते. नेहमीची नावं राहू द्या, पण सोबत खराट्याच्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधा. दोन जुड्या, सात सुट्या काड्या. मग ‘वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस’. लिहायचं ते त्यानंतर.

बोटांवर मोजू न देणं

मोजू द्या. बोटं आपोआप सुटतात.

सापशिडीत दर वेळी एकपासून मोजणं

रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा अंकांचा सरळ पट्टीवरचा खेळ दिला. दोन आठवड्यांत, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत, मुलांची संख्यांची जाण वाढली. मेख अशी, की सोंगटी चारवर असताना दोन पडले तर ‘पाच, सहा’ म्हणत पुढे जायचं. ‘एक, दोन’ म्हटलं, तर घरावरच्या आकड्याकडे लक्षच जात नाही. लहानांसाठी सापशिडीचा शंभर घरांचा नागमोडी पट मोठा पडतो. फरशीवर खडूने दहा घरं आखा.

वाद घालणं

पाच नाणी लांब पसरून ठेवली की चार-पाच वर्षांच्या मुलाला ती जास्त वाटतात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी हे दाखवून दिलं होतं. पटवत बसू नका. पुन्हा जवळ आणा, त्यालाच मोजू द्या आणि सोडून द्या.

पहिली संपत आली तरी पाच वस्तू मोजून देता येत नसतील, तर शिक्षकांशी बोला. त्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या.