टाळेबंदीत शहराची हवा आणि जमिनीचे तापमान किती बदलले, हे कसे तपासावे

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हाची पुण्याची हवा तपासायची असेल, तर एप्रिलची तुलना जानेवारीशी मुळीच करू नये. उन्हाळ्यात तापलेली हवा उंचवर मिसळते आणि प्रदूषण एरवीही विरळ होते. तुलना २०१८ व २०१९ मधील त्याच तारखांशी करावी आणि अवकाळी पावसाचे दिवस वगळावेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरील नोंदींतून आधी नायट्रोजन डायऑक्साइड पाहावा. तो मुख्यतः वाहनांच्या धुरातून येतो आणि दिवसा हवेत काही तासच टिकतो, त्यामुळे रस्ते ओस पडताच त्याचे प्रमाण उतरते. सूक्ष्म धूलिकण मात्र दुरूनही येतात. ओझोन वाढलेला दिसला, तर नोंद चुकीची समजू नये, कारण त्याला संपवणारा वाहनांचा नायट्रिक ऑक्साइडच घटलेला असतो.

तापमानाचे काम अधिक नाजूक आहे. लँडसॅट ८ उपग्रह त्याच जागेवरून १६ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास जातो आणि हवेचे नव्हे, तर पत्र्याचे, डांबराचे, मातीचे तापमान टिपतो. एप्रिलमध्ये पीक निघालेले उघडे शेत दिवसा शहरापेक्षाही तापलेले आढळते, म्हणून शहर आणि भोवतालचा परिसर यांतील फरक मोडिस उपग्रह-उपकरणाच्या रात्रीच्या नोंदींवरूनही काढावा.