सुपरग्लू आधी खाली ठेवा: फिशिंग रॉडवर घरगुती जुगाड करताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या कार्बन रॉडचं टोक हॉलमधल्या पंख्याने तोडलं. दोन इंच गेले. नवी टिप, म्हणजे टोकाची कडी, आणली, घरातल्या सुपरग्लूने चिकटवली आणि उजेडात धरून पाहिलं तर ती बाकीच्या गाईडांच्या (दोर ज्यांतून जातो त्या कड्यांच्या) रेषेत नव्हती, जराशी डावीकडे बघत होती. सरळ करायला गेलो तर हलेना. पक्कड लावून पिळली, तसे आणखी चार इंच उभे चिरले. सहा फुटांचा रॉड एका संध्याकाळीत साडेपाच फुटांवर आला, आणि त्याने तोवर एकही मासा पाहिला नव्हता.

पुढे रेवदंड्याच्या खाडीवर बसणाऱ्या मित्रांचे रॉड माझ्याकडे दुरुस्तीला येऊ लागले. बहुतेकांचं मूळ दुखणं किरकोळ असतं, मालकाने आधी करून पाहिलेला उपाय निस्तरण्यातच वेळ जातो. रॉड ही टोकापासून मुठीपर्यंत हळूहळू जाड होत गेलेली स्प्रिंग आहे. जिताड्यासारखा मोठा मासा ओढ घेतो तेव्हा ताण सगळ्या लांबीवर वाटला जातो, म्हणून ती टिकते. मधेच एक जागा कडक करून ठेवली की ताण त्या कडक जागेच्या काठाशी साठतो आणि रॉड तिथेच मोडतो.

टिप बसवताना

सुपरग्लू ठिसूळ असतो, क्षणात धरतो आणि नंतर सुधारायला वाव ठेवत नाही. टिपेसाठी ग्लू गनमध्ये वापरतात ती पांढरी काडी पुरेशी आहे. ती धगीने मऊ होते, म्हणजे पुढच्या वेळी टिप बदलताना रॉडचा जीव जात नाही.

तुटलेलं टोक आधी नीट कापून घ्या, पण पकडीने किंवा वायर कटरने नको. कटर कार्बनचे धागे चिरडतो आणि डोळ्यांना न दिसणारी चीर आत दोन-तीन इंच धावते. कापायच्या जागी मास्किंग टेपचे दोन वेढे द्या, बारीक दातांच्या हॅकसॉ ब्लेडने रॉड फिरवत फिरवत कापा आणि तोंडाला मास्क लावा, कारण कार्बनची धूळ घशाला आणि कातडीला टोचते. मग व्हर्नियरने जाडी मोजा. टिपांचे नंबर इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात: ५ नंबर म्हणजे साधारण २ मिमी, ६ नंबर म्हणजे २.४ मिमी. टिप सैल असेल तर टोकाला दोऱ्याचे वेढे देऊन भरून काढा. घट्ट असेल तर मोठी टिप आणा. रॉड पॉलिश पेपरने घासून बारीक करणं ही फार महागात पडणारी काटकसर आहे.

ग्लूची काडी लायटरवर मऊ करा आणि थोडा ग्लू टोकाला फासा. टिपेची धातूची नळी पकडीत धरून गरम करा, सरकवा, आणि मुठीकडून एक डोळा मिटून सगळ्या कड्या एका रेषेत आणा. त्यासाठी दहा-वीस सेकंद मिळतात. ज्योत कार्बनला कधीच लावायची नाही. आतलं, धागे धरून ठेवणारं रेझिन भाजलं तरी वरचा काळा रंग काळाच दिसतो. ते कळतं मासा लागल्यावर.

टोक कापलेला रॉड पूर्वीपेक्षा ताठ होतो, हलकं लूर (नकली आमिष) आधीसारखं लांब जात नाही. दोष बसवण्यात शोधू नका, थोडं जड लूर लावा.

दोर तुटतोय, पण दोराची चूक नाही

ब्रेडेड लाईन (विणलेला दोर) एकाच ठिकाणी पिंजते, दोनदा बदलली तरी तेच. अशा वेळी कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक गाईडच्या आतून फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथली सिरॅमिक रिंग तडकलेली आहे. तडा इपॉक्सीने भरून काही होत नाही, गाईड बदलावीच लागते.

नवी गाईड बांधताना तिच्या पायांची टोकं कानशीने उतरती करून घेणं जवळपास सगळेच विसरतात. तो बोथट पाय दोऱ्याखाली दबून रॉडमध्ये रुततो. शिवणयंत्राचा सुती दोराही नको, तो इपॉक्सी पिऊन काळपट होतो. बारीक नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा घ्या. इन्सुलेशन टेप तात्पुरती ठीक, पण उन्हात तिचा डिंक पाघळतो आणि गाईड फिरते.

आता इपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारी नको, ती सपाट पसरायच्या आतच गोठते आणि पुढे पिवळी पडते. रॉड फिनिश म्हणून मिळणारी सावकाश सुकणारी घ्या. तिचे दोन भाग बहुतेक वेळा सारखे घ्यायचे असतात, पण अंदाजाने ओतलं की बिघडतं. मेडिकलमधून दोन सिरिंज आणा, एकीवर मार्करने खूण करा आणि त्यांची अदलाबदल करू नका. फेटू नका, सावकाश ढवळा, नाहीतर बुडबुडे होतात. लावल्यावर पहिले दोन-तीन तास रॉड दर काही मिनिटांनी अर्धा वळवत राहा. नाहीतर सगळा रस खाली ओघळून दोऱ्याच्या एका बाजूला पोट सुटतं. (माझ्या एका रॉडवर असं पोट अजून आहे. बायको त्याला मालकावर गेलाय म्हणते.)

दोन दिवसांनीही बोट चिकटत असेल तर मिश्रण चुकलंय. खरवडायला जाऊ नका, दोरा निघून येईल. त्यावरच नीट मोजलेल्या मिश्रणाचा पातळ हात मारा, तो सुकला की खालचा चिकटपणा झाकला जातो.

मधोमध मोडलेला रॉड

यात लोक सायकलचा स्पोक नाहीतर लोखंडी सळई घालतात. ती सळई वाकत नाही. त्यामुळे रॉड दोन इंच पुढे, बरोबर सळई संपते तिथे, परत मोडतो. आत घालायला जुन्या मोडक्या रॉडचा तुकडा घ्या, तुटीच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच इंच जाईल असा, आणि त्याची टोकं उतरती करा. वरून दोऱ्याचे वेढे आणि इपॉक्सी. एवढं करूनही तो रॉड शेंगाळ्यांसारख्या छोट्या माशांपुरताच ठेवा.

एक धोका मात्र जिवाचा आहे. कार्बनमधून वीज वाहते. मुठीला सायकलची ट्यूब, बॅटची ग्रिप किंवा इन्सुलेशन टेप गुंडाळली की पकड चांगली बसते, पण त्याने रॉड विजेपासून सुरक्षित होत नाही. उच्च दाबाच्या तारांखाली कास्ट करू नका, रॉड उभा धरून चालूही नका, आणि ढग गडगडले की आडवा ठेवून लांब व्हा.

रील आणि गरी

रीलला खोबरेल तेल घालणारे मला दर हिवाळ्यात भेटतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पहाटे खाडीवर हँडल जड का फिरतंय, याचं उत्तर तिथेच आहे. रॉकेलने धुतलं तर आतलं ग्रीसच निघून जातं. ड्रॅगच्या (मासा जोरात ओढतो तेव्हा दोर सुटू देणाऱ्या ब्रेकच्या) वॉशरवर तर तेल नकोच, कंपनी सांगते तेच ग्रीस, तेही किंचित. खारं पाणी धुताना ड्रॅग घट्ट करा, नळाची बारीक धार सोडा, सुकल्यावर ढिला करा. ड्रॅग अंदाजाने लावण्यापेक्षा बॅगा मोजायचा काटा दोराच्या टोकाला अडकवा. २० पौंडांच्या, म्हणजे ९ किलोच्या दोराला अडीच-तीन किलोवर ड्रॅग सुटायला हवा.

ब्रेडेड लाईन थेट स्पूलवर (रीलच्या चकरीवर) गुंडाळली तर सगळा गोळाच आत घसरतो. मग हँडल फिरतं, दोर येत नाही, आणि माणूस रीलला शिव्या घालतो. खाली आधी थोडा तंगूस (एकधागी नायलॉनचा दोर) भरा. कडेला दोन-तीन मिमी जागा सोडा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडा तंगूस घर्षणाने तापून तिथेच कमजोर होतो.

गरी गॅसवर लाल करून वाकवू नका, तिचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं आणि ती तारेसारखी सरळ होते. लूरवरच्या ट्रेबल (तीन टोकांच्या गऱ्या) काढून मोठ्या एकेरी गऱ्या लावल्या आणि तरंगणारं लूर बुडायला लागलं, तर वजन वाढलंय. गंजू नये म्हणून लावलेल्या जाड स्प्लिट रिंगाही (लूरला गरी जोडणाऱ्या कड्या) तेच करतात. घरच्या बादलीत आधी टाकून बघा.

शिसं घरी ओतणार असाल तर

दोर बुडवायची वजनं बनवायला लोक शिसं ओततात. एकतर ओतू नका. जुने स्पार्क प्लग गॅरेजवाला फुकट देतो आणि खडकात अडकून गेले तरी हळहळ वाटत नाही. ओतायचंच असेल तर स्वयंपाकघरात नाही, जेवणाच्या भांड्यात नाही आणि पोरं आसपास असताना तर नाहीच. शिसं ३२७ अंशांना वितळतं. साच्यात पाण्याचा एक थेंब असला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. म्हणून पावसाळ्यात हे काम काढू नका, साचा आधी तापवून कोरडा करा, चष्मा, बूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. बॅटरीतलं शिसं वापरू नका, त्यात ॲसिड आणि इतर विषारी धातू असतात.

दुरुस्त रॉड खाडीवर नेण्याआधी अंगणात बांधून बघा. दोराला अर्धा लिटर पाण्याची बाटली लावा, रॉड साधारण पंचेचाळीस अंशांवर धरून हळूच उचला आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. बाक एकसारखा आला तर पाणी वाढवा. मधे कोपरा दिसला तर बाटली लगेच खाली ठेवा आणि तिथला दोरा उकला.