कर्ज घेण्याआधी एवढं वहीत मांडा

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात बचत गटाची वही मी अकरा वर्षं लिहितेय. सगळं गाव सोयाबीन आणि तुरीवर. पैसा येतो दसरा-दिवाळीला, आणि गरज लागते मिरगात पेरणीला, नाहीतर मधेच दवाखान्याला. म्हणून कर्ज घेऊच नका, असं मी कुण्या बाईला सांगत नाही. घ्या, पण त्याची किंमत आधी काढा.

माझ्याच घरचं सांगते. लेकीच्या ऑपरेशनला मालकांनी गावातल्या एकाकडून वीस हजार आणले, शेकडा पाचनं. हे शंभराला पाच दर महिन्याचे, म्हणजे वर्षाचे साठ. चौदा महिने हजार-हजार भरले. चौदा हजार गेले आणि मुद्दल होतं तेवढंच उभं. तेव्हापासून कुणी कसाही दर सांगो, मी तो शंभराला वर्षाचा करूनच वहीत लिहिते. महिन्याचा शेकडा असेल तर बारानं गुणायचं.

जिथं व्याज हा शब्दच निघत नाही, तिथं जास्त सावध राहा. दुकानात बियाणं-औषधाचे रोखीत 3,000 आणि उधारीत 3,450 होतात. जूनमध्ये माल नेला, नोव्हेंबरमध्ये पैसे दिले, तर पाच महिन्यांचे 450 म्हणजे वर्षाला 36 टक्के पडले. वर ‘माल आमच्याच आडतीवर घाला’ अशी अट असली, तर भावात जे कमी मिळेल तेही त्यातच धरा.

आता हप्त्यांचं कर्ज. मागच्या साली गटातली एक बाई हरखून आली, “अक्का, पन्नास हजार देतेत, बाराच टक्के म्हणलालेत!” मी विचारलं, फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पुऱ्या मुद्दलावर व्याज, का घटत्या शिल्लकीवर, म्हणजे फिटायच्या राहिलेल्या मुद्दलावरच? फ्लॅट होतं. दोन वर्षांचं व्याज 12,000, हप्ता 2,583 रुपये. शिवाय फी आणि विम्याचे 1,500 आधीच कापून हातात 48,500. आम्ही असं मांडलं: मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, म्हणून दोन वर्षांत तिच्याकडं सरासरी 26,000 च राहणार. खर्च 13,500, वर्षाला 6,750. त्याला 26,000 नं भागलं तर ढोबळ 26 टक्के आले. बँकेच्या रीतीनं काढलं तरी पंचविसाच्या जवळच. बाराचे पंचवीस झालेले बघून ती बराच वेळ वहीकडंच बघत राहिली.

हे गणित जमत नसेल तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं बँका आणि फायनान्स कंपन्यांना असल्या कर्जांसाठी हा कागद बंधनकारक केलाय, तोही आपल्याला समजेल त्या भाषेत. त्यात ‘एपीआर’ म्हणून जो आकडा असतो तो फी धरून वर्षाचा खरा दर. मायक्रोफायनान्सचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना बिनतारण मिळणारं लहान कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढणाऱ्या बायांची घरं मी जवळून बघितलीत. ते करू नका, हात जोडून सांगते.

मग जायचं कुठं? सात-बारा नावावर असेल तर आधी पीक कर्ज. तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. फक्त तारीख चुकवू नका. त्यानंतर गट. आमचा दर शेकडा दोन, म्हणजे वर्षाचे 24, स्वस्त नाही. पण ते व्याज आमच्याच पेटीत येतं, वाटणीला परत मिळतं.

आणि जी वाट फार थोडे धरतात ती शेतमाल तारणाची. बाजार समितीत ही योजना चालू असेल तर सोयाबीन गोदामात ठेवा. किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, सहा टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. दहा क्विंटल, भाव 4,000 धरला तर 30,000 हातात आणि सहा महिन्यांचं व्याज 900. क्विंटलमागं नव्वद रुपये भाव वाढला तरी व्याज निघतं. पडलाच तर तोटा आपला, म्हणून सगळा माल अडकवू नका, निम्मा ठेवा.

सावकाराकडं जावंच लागलं तर परवाना बघा. 2014 च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारण असेल तर वर्षाला 9 आणि नसेल तर 12 टक्के दर ठरवून दिलाय, चक्रवाढ व्याज लावता येत नाही. बिगर परवान्याच्या सावकारानं कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडं करता येते. आमच्या वेळी हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

पन्नास हजारांसाठी हरखून आलेल्या त्या बाईनं शेवटी गटातून वीस हजारच उचलले. हप्ता दिवाळीनंतर सुरू करायचा, असं बैठकीत ठरवून ठरावाच्या वहीत लिहून घेतलं.