गाडी स्टार्ट होत नाही? सेल्फ मारत बसण्याआधी या चुका टाळा

सकाळी आठच्या सुमारास गॅरेजचा फोन वाजला की पलीकडून ठरलेलं वाक्य येतं: "दादा, गाडी स्टार्टच होत नाहीये." मी विचारतो, "आवाज कसा येतोय?" यावर बहुतेक जण गप्प. सेल्फ मारून मारून बॅटरी बसवलेली असते, पण आवाजाकडे कुणाचं लक्षच नसतं. पुण्यात पद्मावतीत बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून कळकळीने सांगतो, आधी ऐका.

भराभर कटकट आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवर बसणारं वायरीचं टोक, ढिलं आहे. एकच 'खट्' होऊन सगळं शांत झालं, तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, किंवा त्याचं कनेक्शन बघायचं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. तिथे पेट्रोल, स्पार्क किंवा चावीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं लॉक) यांचा प्रश्न असतो. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुंऽऽ असा आवाज येतो का, तेही ऐका. तो फ्युएल पंप.

सगळ्यात जास्त त्रास मला ज्या चुकीचा होतो ती म्हणजे न तपासता "बॅटरी गेली" म्हणून मोकळं होणं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर कोथरूडच्या एका काकूंची गाडी टो होऊन आली. आठवड्यापूर्वीच नवीन बॅटरी टाकलेली, जुनी एक्स्चेंजमध्ये गेलेली. पाच दिवसांत गाडी पुन्हा बंद. आता कुणीतरी "पूर्ण सेल्फ बदला" म्हणून सांगितलेलं. मी बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावला, 12.6 व्होल्ट. म्हणजे बॅटरी फुल. हेडलाइट लख्ख, पण सेल्फ मारला की नुसतं खट्.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टवर, आणि काकूंना म्हटलं, "मारा सेल्फ." मीटरने जवळपास तीन व्होल्ट दाखवले. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, म्हणजे वाटेत कुठेतरी करंट अडत होता. इंजिनवरून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी सोडवली, तर बोल्टखाली हिरवट बुरशीसारखा थर, आणि तारांचे निम्मे पदर तुटलेले. मुलाला नाना पेठेत पाठवून पट्टी आणली, जागा पॉलिश पेपरने तांब्यासारखी चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला. अर्ध्या चावीत गाडी सुरू. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या बॅटरीचे पैसे उगाच गेले होते.

म्हणून माझी सवय सांगतो. बोनेट उघडलं की पहिल्यांदा टर्मिनल हाताने पिळून बघतो. हाताने फिरलं तर ढिलं आहे, विषय संपला. पांढरी-हिरवी पावडर असेल तर आधी निगेटिव्ह सोडायचं, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवायचं, कोरडं करून घासायचं, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी लावायचं आणि आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आणि गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर लावलेला मीटर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दाखवतोय ना, हे बघितल्याशिवाय बोनेट बंद करत नाही. तेवढे येत नसतील तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही, बॅटरी उद्या पुन्हा उतरणार.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावताना काळ्या वायरचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर नको, बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. बॅटरीतून निघणारा गॅस ठिणगीने पेटतो.

एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. लिव्हर 'पी' किंवा 'एन'मध्ये आहे का, ते बघा. मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबलाय का? नवीन शिकलेल्यांचे असे फोन मला दर आठवड्याला येतात.

बंद गाडी कात्रजच्या उतारावर सोडून देऊन सुरू करायचा शॉर्टकट तर कृपा करून विसरा. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीन दाबांत दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं.

आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारणं. 25 जुलै 2024ला खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर असल्या गाड्या ओळीने आल्या. एक पोरगा म्हणाला, "दादा, फक्त दोनदाच मारला हो." प्लग काढले तर सिलिंडरमधून पाणी उडालं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकला होता. न मारता आणली असती तर पाणी काढून, ऑइल-फिल्टर बदलून बहुधा वाचली असती.

पाणी सीटच्या पातळीला गेलं असेल, तर पाणी ओसरल्यावर चावी लावूच नका. निगेटिव्ह सोडा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच गॅरेजला न्या. साध्या विम्यात असं इंजिनचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे पावसाळ्याआधी बघून ठेवा.