ढेप, चुनी, कणी: पशुआहाराच्या कामात येणाऱ्यांसाठी

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दवाखाना असतो. पशुपोषण हा विषय परीक्षेपुरता वाचून होतो. मी त्याच विषयात एम.व्ही.एस्सी. केलं आणि पुढे खाद्याच्या कारखान्यात फॉर्म्युलेशनच्या, म्हणजे खाद्यात कोणता घटक किती घालायचा ते ठरवण्याच्या कामाला लागले. पशुखाद्यातल्या मका-सोयाबीनला पर्याय शोधण्याचं काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं आता धाकटी मुलं-मुली विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी पोतं उघडून बघायला शिका.

या कामाला नागपूरसारखी जागा नाही, असं मी मनापासून सांगते. वर्धा-यवतमाळकडे कापूस, म्हणजे सरकीची ढेप. भंडारा-गोंदियाकडे धान, म्हणजे कणी, कोंडा आणि तेल काढलेला कोंडा, म्हणजेच डीओआरबी. डाळ मिलमधून तुरीची आणि हरभऱ्याची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा आणि टरफलं निघतात, सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमधून डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड. त्यातच संत्र्याच्या साली. पुस्तकात ज्यांचे तक्ते पाठ करायचे, ते घटक इथे डोळ्यांसमोर तयार होतात.

पर्यायांची गरज का पडते, ते आधी समजून घ्या. कुक्कुटपालनात एकूण खर्चाचा ६५ ते ७० टक्के भाग खाद्यावरच जातो आणि त्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. २०२१ मध्ये सोयाबीन डीओसीचे भाव इतके भडकले, की केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन डीओसी आयात करायला परवानगी दिली. पुढे इथेनॉलसाठी मका जाऊ लागला आणि त्याचेही भाव चढले. त्याच इथेनॉल कारखान्यांतून डीडीजीएस, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा, मात्र आपल्याकडे परत येतं. ज्याला हा व्यवहार कळत नाही, त्याचं फॉर्म्युलेशन कागदावरच राहतं.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस रिपोर्टमधला प्रथिनांचा आकडा बघतो आणि घटक स्वस्त की महाग ते ठरवतो. पण तो आकडा प्रथिनं मोजून आलेला नसतो. जेल्डाल पद्धतीत नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन कुठून आला, हे त्या चाचणीला कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे या हिशोबाने २८७ टक्के ‘प्रथिनं’. शंभर किलो ढेपेत कोणी एक किलो युरिया मिसळला, तर रिपोर्ट जवळपास ३ टक्क्यांनी चांगला येतो आणि कोंबडीला त्यातून काहीच मिळत नाही. म्हणून रिपोर्टच्या आधी वास, रंग, चव आणि भिंग. कोंड्यात धानाचं तूस मिसळलेलं असेल, तर चिमटीत चोळल्यावर बोटांना टोचतं. ॲसिडमध्ये न विरघळणारी राख काढली, की मातीही कळते आणि तुसातली सिलिकाही. डीओसी कच्ची राहिली आहे का, हे युरिएज चाचणीत रंगावरून दिसतं. ही कामं लॅबच्या माणसावर सोडू नका, पहिलं वर्षभर तरी स्वतः करा.

दुसरा प्रश्न: पर्याय कोणासाठी? सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाई-म्हशीच्या रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, त्याचा बराच भाग प्रथिनांना चिकटून निष्प्रभ होतो, म्हणून आपल्याकडे दुभत्या जनावराला पिढ्यान् पिढ्या सरकी ढेप चालत आली. लहान वासराचं रुमेन तयार झालेलं नसतं, त्याला ती सोसत नाही. कोंबडीत तर गॉसिपॉल लोह बांधून ठेवतं, लायसिन या गरजेच्या अमिनो आम्लाची उपलब्धता घटवतं आणि अंडी साठवली की पिवळ्या बलकावर हिरवट छटा येते. कणीचंही असंच. ऊर्जेला ती उत्तम, पण मक्यातलं पिवळं रंगद्रव्य तिच्यात नाही. ब्रॉयलरला, म्हणजे मांसाच्या कोंबडीला, खुशाल घाला. अंड्यांच्या कोंबडीला घालायची, तर बलकाच्या रंगाची सोय आधी करा, नाहीतर फिकट बलक बघून गिऱ्हाईक अंडी परत करतं.

तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर जातात, डीओसीच्या जवळपास. पण लायसिन बरंच कमी, आणि वाळवताना माल करपला असेल तर आहे तेही पचत नाही. शिवाय धान्यातला स्टार्च निघून गेल्यामुळे उरलेलं सगळं घट्ट होतं, बुरशीचं विषसुद्धा. मूळ धान्यात होतं त्याच्या साधारण तिप्पट ते डीडीजीएसमध्ये येऊ शकतं. म्हणून प्रत्येक गाडीचा नमुना तपासा, गेल्या महिन्याच्या रिपोर्टवर माल उतरवू नका.

बुरशीच्या विषाबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे. पावसाळ्यात भिजलेली, गठ्ठे झालेली ढेप ‘जनावर खातंय ना’ म्हणून खपवली जाते. तिच्यातलं अफलाटॉक्सिन गाईच्या यकृतातून रूप बदलून दुधात उतरतं. खाद्यात त्याची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम, दुधात फक्त अर्धा मायक्रोग्रॅम. ते दूध कोणाचं तरी लेकरू पिणार आहे. खरेदी विभागाने कितीही घाई केली तरी असा माल नाकारायची हिंमत या कामात लागते, आणि ती पहिल्या नोकरीपासूनच लागते.

संत्र्याच्या सालीवर प्रोजेक्ट करावंसं प्रत्येक बॅचमध्ये कोणाला तरी वाटतं. जरूर करा, गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी ती चांगली आहे. फक्त ओल्या सालीत ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. टनभर आणलं तर हातात सुमारे दोनशे किलो कोरडा माल उरतो, तोही लगेच वाळवला तर. वाहतूक आणि वाळवणीचा खर्च मांडल्याशिवाय प्रबंधाला हात घालू नका.

शिकायला जागा पुष्कळ आहेत. पशुवैद्यकीय विद्यापीठ शहरातच आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही इथेच. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेचं काम वाचत राहा. पण सुट्टीत जिनिंग, तेल घाणी, राईस मिल, डाळ मिल अशा ठिकाणी जाऊन उभे राहा. मालकाला नमस्कार करून विचारलं, तर बहुतेक जण दाखवतात.

नोकऱ्या खाद्य कारखान्यांत, प्रिमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण) बनवणाऱ्या कंपन्यांत, दूध संघांत आणि हॅचरीवाल्यांकडे असतात. सुरुवात बहुधा क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. तिथे पगार बेताचा, आणि गोदामात धूळ खावी लागते. सॉफ्टवेअरवर सर्वांत स्वस्त खाद्य काढायला महिन्याभरात येतं, पण त्यात भरायचे आकडे खरे आहेत का, हे गोदामातच कळतं. मी मुलाखतीत समोर दोन वाट्या ठेवते, एकीत चांगला कोंडा आणि दुसरीत भेसळीचा, आणि उमेदवार आधी हात घालतो की रिपोर्ट मागतो, ते बघते.