मूग, मोहरी आणि टीडीएस मीटर: रोपांवरील थंडीचा परिणाम घरी कसा मोजावा

सांताक्रूझ वेधशाळेत 22 जानेवारी 1962 रोजी तापमान 7.4 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. एरवी मुंबईत असा गारठा पडत नाही, त्यामुळे रोपे थंडीला कशी तोंड देतात हे पाहायचे असेल, तर फ्रिजचाच आधार घ्यावा लागतो.

दोन उथळ ट्रेमध्ये मूग आणि मोहरी शेजारी शेजारी पेरावी. पाने उघडल्यावर एक ट्रे फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर आणि दुसरा बंद कपाटात दोन-तीन दिवस ठेवावा. कपाटाची अट गाळू नये, कारण फ्रिजमध्ये थंडीबरोबर अंधारही असतो.

नंतर चारही गटांतली पाने वेगवेगळी खुडून डिस्टिल्ड वॉटरने हलकेच धुवावीत आणि काचेच्या चार वाट्यांत तेवढ्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवावीत. बॅटरीसाठी मिळते ते पाणी चालते; नळाचे मुळीच चालणार नाही. दोन तासांनी आरओचे पाणी तपासण्याचा टीडीएस मीटर (तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) बुडवून आकडा टिपावा. मग वाट्या झाकून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, म्हणजे सगळ्या पेशी फुटतील, आणि पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा आकडा घ्यावा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणले की पानांतून झिरपलेल्या क्षारांची, म्हणजे गळतीची, टक्केवारी मिळते. पाने कमी-जास्त असली तरी हा हिशेब बिघडत नाही.

फ्रिजमधल्या मुगाची गळती कपाटातल्या मुगापेक्षा जास्त दिसावी. मोहरीत फरक किरकोळ राहावा. थंडीने पेशीचे प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण, ताठरते, मुगाचे तर इतके की त्यातून क्षार बाहेर झिरपतात. मोहरीच्याच कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपामध्ये हीच ताठरता इशारा ठरते: कॅल्शियम पेशीत शिरते, आयसीई1 हे प्रथिन सीबीएफ ही नियंत्रक जनुके चालू करते (थंडी लागल्यापासून अवघ्या पंधरा मिनिटांत त्यांची हालचाल दिसते), आणि ती पुढे थंडीपासून बचाव करणाऱ्या सीओआर जनुकांना कामाला लावतात. मग काही दिवसांत पटलातली असंपृक्त मेदाम्ले वाढून ते पुन्हा लवचिक होते, तर पेशीत साखर आणि प्रोलीन हे अमिनो आम्ल साठते.

रोप किती कणखर झाले हे थेट फ्रीझरमध्ये ठेवून तपासण्याचा मोह मात्र टाळावा. फ्रीझरच्या उणे अठरा अंशांत थंडीला सरावलेली मोहरीही टिकत नाही आणि न सरावलेलीही, त्यामुळे दोघींचे आकडे सारखेच येतात.